आमची वाटचाल : कोळपं घेतो एक, ढकलतं दुसरंच

बेळगावच्या उद्यमबागेतल्या आमच्या शेडमध्ये सायकल कोळपी, म्हणजे ओळींमधलं तण काढायला हाताने ढकलायची चाकाची अवजारं, तयार होतात. सुरुवातीला नमुना दुकानदार सांगेल तसा ठरायचा. दुकानात मालक येतो, कोळपं उचलून बघतो, जड लागलं की 'मजबूत हाय' म्हणून घेऊन जातो. रानात ते ढकलते बाई, आणि तिला विचारायला कोण जातंय! म्हणून आता नवा नमुना काढण्याआधी आम्ही भांगलणीच्या दिवसांत बांधावर जातो.

दोघांनीच जायचं. एकाने बघायचं, दुसऱ्याने टिपायचं. 'कसं चालतंय?' विचारलं की 'बरं हाय की' एवढंच येतं. दारी आलेल्याला वाईट कोण सांगणार? त्यापेक्षा गप्प उभं राहावं. किती वेळा थांबली, कशाला थांबली, चिकटलेली माती कशाने खरवडली, ते लिहावं. सकाळच्या पहिल्या पातीवर, म्हणजे ओळींच्या पहिल्या फेरीला, जाऊ नये, कुणी बघतंय म्हणून जोर लावलेला असतो. भाकरीनंतरची पात खरी.

लोकांनी स्वतः केलेली डागडुजी नीट बघावी. मुठीला सायकलची जुनी ट्यूब गुंडाळली असेल तर पाइप तळहाताला लागतोय. मागच्या पट्टीला तारेने दगड बांधला असेल तर वजन वाढवायची घाई नको, आधी फाशीचा, म्हणजे माती कापणाऱ्या पात्याचा, कोन तपासा. फास फार आडवी असली की सुकलेल्या काळ्या रानावरून नुसती घसरते. फार उभी केली की रुतते आणि मूठ पोटात बसते. आम्ही कोनासाठी तीन भोकं दिली, तरी कुणी बोल्ट हलवेना. ८ एमएमच्या बोल्टला १३ नंबरचा पाना लागतो, आणि पाना असतो घरी. हाताने फिरणारा नट दिल्यावर भोकं वापरात आली.

टेपही न्यावी. सोयाबीनच्या दीड फुटी ओळीत ९ इंची फास बसते, भुईमुगाच्या फुटी ओळीत ६ इंची. पण कुरीने, म्हणजे पेरणीच्या अवजाराने, पेरलेली ओळ वाकडी जाते. पाच ठिकाणी मोजून सगळ्यात अरुंद जागा धरायची. सरासरी धरली तर रोपं कापली जातात.

खानापूरकडच्या तांबड्या मातीत सुरळीत चाललेलं कोळपं अथणीच्या काळ्या रानात वापसा येण्याआधी, म्हणजे रान ओलं असतानाच घातलं, तर चाक आणि फोर्कमध्ये चिखल दाबून बसतो. तिथे अंगठाभर फट हवीच.

दांड्याचा पाइप १६ गेजवरून १८ वर आणला, म्हणजे पातळ आणि हलका केला. पातळ पाइप वेल्डिंगला जळून भोक पडतं, म्हणून जोडाच्या जागी आत दुसरा तुकडा घालतो. दुकानदार अजून म्हणतो, 'हलकं लागतंय, खपायचं न्हाई.'