भरती बघून निघावं

न्यूझीलंडमधल्या ऑकलंडला दोन बंदरं आहेत, आणि ती दोन वेगळ्या समुद्रांची आहेत. वाईतेमाता पूर्वेला पॅसिफिककडे उघडतं, मानुकाऊ पश्चिमेला टास्मान समुद्राकडे. मधल्या चिंचोळ्या पट्टीवर शहर बसलंय. ते उत्तर-दक्षिण ओलांडणारी, बाणांनी दाखवलेली पायवाट आहे १६ किलोमीटरची. तडक चाललं तर चार तास लागतात, माणसासारखं बघत-बसत चाललं तर सहा-सात.

एवढ्यासाठी दम लागत नाही, पण भरतीचं वेळापत्रक लागतं. मानुकाऊ उथळ आहे. ओहोटीला पाणी लांब जातं आणि दिवसभर चालून आलेल्याला समोर दिसतो तो राखाडी चिखल. त्यामुळे आखणी शेवटाकडून करावी. मानुकाऊची भरती वाईतेमातापेक्षा सुमारे तीन तास उशिरा येते. वाईतेमाताला दुपारी दीड-दोनला भरती असेल, तर मानुकाऊवरच्या ओनेहुंगाच्या किनाऱ्यावर, जिथे वाट संपते तिथे, पाणी पाचच्या आसपास पुरतं चढलेलं असतं. असा दिवस निवडावा आणि नऊला निघावं.

कोकणात तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढतात. ते गणित इथे जसंच्या तसं लागत नाही. ऑकलंडला पौर्णिमा-अमावास्येची भरती सकाळ-संध्याकाळी सात-आठच्या सुमारास येते. पण तिथीशी नातं तेच, म्हणून अष्टमी-नवमीच्या आसपासचे दिवस नेमके जमतात. ते भांगाचे दिवस. पाणी फार चढत नाही, पण फार ओसरतही नाही. उधाणाच्या दिवशी निघालेल्यांच्या वाट्याला मात्र दुपारी चार-पाचला हमखास चिखल येतो.

सुरुवात वाईतेमाताकाठच्या फेरी बिल्डिंगपाशी. क्वीन स्ट्रीटच्या मोठ्या चौकांत सिग्नल लागला की चारी बाजूंची वाहनं एकदम थांबतात आणि माणसं तिरकी, कोपऱ्यातून कोपऱ्यात जातात. आल्बर्ट पार्कचा चढ, विद्यापीठ, मग ऑकलंड डोमेन हे मोठं उद्यान. हे सगळं सुंदर आहे आणि इथेच फसगत होते. डोमेनमधल्या संग्रहालयात शिरलं की दोन तास गेलेच. संग्रहालय दुसऱ्या दिवसावर ढकलावं. तिथून पाण्याच्या बाटल्या तेवढ्या भरून घ्याव्यात.

डोमेनचं गवताळ मैदान हे ज्वालामुखीचं विवर आहे, हे सांगितल्याशिवाय कळत नाही. पुढच्या माउंगाफाऊबद्दल, म्हणजे माउंट ईडनबद्दल, शंकाच उरत नाही. उंची १९६ मीटर, पर्वतीच्या पायऱ्या चढणाऱ्याला किरकोळ. वर पोचलं की पायाशी पन्नास मीटर खोल, हिरवागार, अगदी वाटोळा वाडगा. माओरी, म्हणजे इथले मूळ रहिवासी, त्याला मताआहोचा वाडगाच म्हणतात. मताआहो हा जमिनीच्या पोटातल्या गुपितांचा देव. आत उतरायचं नाही, जागा पवित्र आहे. माथ्यावर २०१६पासून गाड्याही येत नाहीत. उतारावरच्या पायऱ्या-पायऱ्यांच्या सपाट्या माओरी वस्तीच्या आहेत, तेव्हा लाकडी वाट सोडून आडवं उतरू नये. शिवाय ओल्या गवतावरून घसरायला होतं ते वेगळंच.

इथला दगड मराठी माणसाला ओळखीचा वाटेल. जागोजागच्या गडग्यांचा काळा दगड बेसॉल्टच, आपल्या सह्याद्रीचा भाऊबंद. फक्त सह्याद्रीचा साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा आणि माउंगाफाऊचा जेमतेम २८,००० वर्षांचा. कालचं पोर!

आणखी एक घोटाळा उन्हाचा. दक्षिण गोलार्धात सूर्य दुपारी उत्तरेला असतो. आपण चाललेले दक्षिणेला, म्हणजे ऊन दिवसभर मानेवर. इथलं ऊन गार वाऱ्यामुळे जाणवत नाही, पण भाजतं चांगलंच. नुसती पुढे झाप असलेली टोपी कुचकामी. सगळीकडून काठ असलेली हवी. वारा नैर्ऋत्येचा असला तर तो समोरून. विंडचीटर पिशवीच्या तळाशी ठेवू नये.

माउंगाफाऊनंतर एप्सम. नीटस बंगले, कुंपणं, शांतता. खरं सांगायचं तर कंटाळवाणं. बाण झाडांच्या फांद्यांत लपतात, वाट चुकते ती इथेच. नकाशा फोनमध्ये उतरवून ठेवावा आणि दर वळणाला बघावा.

मग कॉर्नवॉल पार्क लागतं आणि शहराच्या मधोमध मेंढ्या चरताना दिसतात. फाटक उघडलं की मागे लावायचं, हा इथला पहिला नियम. वर माउंगाकीएकीए, १८२ मीटर, इंग्रजीत वन ट्री हिल. एक झाड असलेली टेकडी, पण ते झाड २००० साली काढून टाकावं लागलं. पाइनचं होतं, माओरींवरच्या अन्यायाच्या निषेधात त्याच्यावर दोनदा करवत चालली आणि ते सावरलं नाही. २०१६मध्ये तिथे नऊ देशी रोपं लावली. माथ्यावरच्या दगडी स्तंभापाशी उभं राहिलं की दोन्ही बंदरं दिसतात.

इथून ओनेहुंगापर्यंत उतारच. गुडघे आता बोलायला लागतात. बुटांच्या नाड्या घोट्याशी घट्ट करून घ्याव्यात, नाहीतर अंगठ्याचं नख काळं पडतं. जुनी खाडी १९७०च्या दशकात हमरस्त्याने कापली आणि आतल्या बाजूला तळं उरलं. खरा किनारा पलीकडे. हमरस्त्यावरच्या पादचारी पुलावरून उतरलं की तौमानू, भराव घालून २०१५मध्ये नव्याने केलेला किनारा. बूट काढून खडकावर बसावं. घड्याळात चार वाजलेले असतात. वाईतेमाताचं पाणी दोन तासांपूर्वीच उतरायला लागलेलं, इथलं अजून चढतंय.