नळी किती बाहेर काढायची?

नवी दुर्बीण आली की पहिल्या रात्री अख्खं घर गच्चीवर जमतं आणि अर्ध्या तासात एकेक जण जेवायला खाली उतरतो. जो मागे उरतो तो नॉब पिळत म्हणतो, “भाऊ, काहीच दिसून नाही राहिलं!” भिंग खराब निघालं, असा निकालही तोवर लागलेला असतो. नागपूरच्या रामन विज्ञान केंद्राच्या तारांगणात तारे खुर्चीत बसल्या बसल्या स्पष्ट दिसतात, म्हणून अपेक्षा वाढलेल्या असतात, दुसरं काय.

भिंगाचा बिचाऱ्याचा बहुधा दोष नसतो. फोकसची जागा फारच अरुंद असते. नॉब भराभर फिरवला की ती येते आणि निघूनही जाते. फोकस फार चुकला असेल तर तारा पसरून आकाशातच विरतो. मग काळोखात काळोख शोधणं सुरू होतं.

म्हणून पहिला फोकस दिवसाउजेडी जमवावा. नेहमीची ७० मिमी व्यासाची, ७०० मिमी नाभीय अंतराची (म्हणजे भिंगापासून तेवढ्या अंतरावर ताऱ्याची प्रतिमा उमटते) दुर्बीण धरू. समोरच्या घराचा कठडा दहा मीटरवर असेल, तर त्यासाठी नॉबने सरकणारी, डोळा लावायची नळी ताऱ्यांपेक्षा पाच सेंटीमीटरहून जास्त बाहेर यावी लागते. पुष्कळ दुर्बिणींची नळी तेवढी येतच नाही. शंभर मीटरवरच्या झाडाला पाच मिलिमीटर पुरतात आणि किलोमीटरभर लांबच्या मोबाईल टॉवरला जेमतेम अर्धा. तेव्हा टॉवरच धरावा. तो स्पष्ट दिसला की नळीवर पेन्सिलने खूण करायची. रात्री त्या खुणेपासून केसभर आत-बाहेर केलं की काम होतं. टॉवर मात्र सूर्याच्या उलट दिशेचा निवडा. दुर्बिणीतून सूर्य क्षणभर दिसला तरी डोळा जाऊ शकतो, आणि हे वर बसवलेल्या छोट्या शोधक दुर्बिणीलाही लागू आहे.

खोक्यात २५, १० आणि ४ मिमीच्या नेत्रिका, म्हणजे डोळ्यापाशी लावायची भिंगं, असतात, वर तिप्पट वाढवणारं बार्लो भिंग. ७०० भागिले ४ म्हणजे १७५ पट, त्यात बार्लो लावला की ५२५. खोक्यावर हाच आकडा ठळक छापलेला असतो. ७० मिमीच्या भिंगाला साधारण १४० पटींपलीकडे काही झेपत नाही. त्यापुढे फक्त धूसरपणा मोठा होतो. सुरुवात २५ मिमीने, २८ पटींवर. तिथे तारा नजरेच्या टापूत सहा-सात मिनिटं टिकतो. ४ मिमीच्या नेत्रिकेत तो मिनिटभरातच पळतो आणि नॉबला बोट लागलं तरी सगळं थरथरतं. बोट काढायचं, दोन-तीन सेकंद थांबायचं, मग ठरवायचं. तिपाईच्या मधोमध पाण्याची भरलेली बाटली टांगली की थरथर बरीच कमी होते.

नॉब फिरतोय पण नळी हलत नसेल, तर खालचा घट्ट करायचा स्क्रू सैल करा. नळी पूर्ण बाहेर येऊनही फोकस लागत नसेल, तर कोनातला आरशाचा तुकडा, म्हणजे डायगोनल, खोक्यातच राहिला असणार. प्रकाशाला जी वाट तो देतो, ती त्याच्याविना कमी पडते. चित्र मिणमिणतं दिसत असेल तर पुढचं अख्खं झाकण निघालंय का पाहा. पुष्कळदा त्यातली छोटी टोपीच काढलेली असते.

आरशाच्या दुर्बिणीत तारा मेदूवड्यासारखा दिसला की ग्रह सापडल्याचा जल्लोष होतो. ते मधलं भोक आतल्या छोट्या आरशाची सावली असते. तारा जितका बारीक, तितका फोकस बरोबर. त्या जागेच्या पुढे जायचं, तारा पुन्हा फुगू लागला की मागे यायचं, असं दोन-तीनदा करून मधली जागा पकडायची. चंद्रावर हेच काम सोपं, पण पौर्णिमेला नाही, तेव्हा सावल्याच नसतात. कोजागिरीला दूध प्यावं, दुर्बीण शुद्ध अष्टमीच्या सुमारास काढावी.

मे महिन्यात मात्र नॉबचा इलाज चालत नाही. दिवसभर तापलेला स्लॅब उशिरापर्यंत ऊन ओकतो आणि चंद्राची कड उकळत्या पाण्यातून पाहावी तशी हलते. गवताचं मैदान किंवा पहाटेची वेळ बरी. एसीच्या बाहेरच्या युनिटवरून तर पाहूच नये. कूलरच्या खोलीतून आणलेली दुर्बीणही अर्धा तास बाहेर ठेवावी.

एवढं जमलं की पुढचा माणूस म्हणतो, “धुरकट आहे.” तोही खोटं बोलत नाही. उणे दोन नंबरवाल्याने चष्मा काढला, तर २५ मिमीच्या नेत्रिकेत नळी सव्वा मिलिमीटर आत न्यावी लागते. तिरकस (सिलिंडरचा) नंबर असेल तर तो नॉबने जात नाही, चष्मा ठेवूनच पाहावं. बाकी आजी आली की आपला फोकस तिच्या डोळ्यावर लादायचा नाही. नॉब तिच्या हातात द्यायचा आणि हळू फिरव म्हणायचं.