पाच अंशांची खोली

२०१० साली मी एका कस्टम क्लिअरिंगवाल्याकडे मुंबई विमानतळावर, सहारच्या कार्गोत फील्डवर होतो. फील्डवर म्हणजे वाशीहून माल आला की ट्रक लावून घ्यायचा, वजन करून घ्यायचं, शिपिंग बिल, म्हणजे निर्यातीचा कस्टमचा कागद, घेऊन कस्टमच्या साहेबांपुढे उभं राहायचं, ‘लेट एक्सपोर्ट’ची, म्हणजे माल बाहेर जाऊ द्या अशी, सही मिळवायची आणि माल विमान कंपनीच्या ताब्यात दिला की मगच घर गाठायचं. एप्रिल-मे हे दोन महिने घर दिसायचं ते पहाटेच. हापूसचा मोसम.

१५ एप्रिल, गुरुवार. लंडनच्या रात्रीच्या विमानासाठी माझ्याकडे तीन लॉट होते. देवगडच्या हापूसचे डझनाचे १८० खोके. भेंडी, हिरवी मिरची, कारली, शेवगा अशी टनभर भाजी. आणि थर्माकोलच्या सहा पेट्यांत ड्राय आइस घालून गोठवलेली कोथिंबीरवडी, एका नव्या निर्यातदाराने तिथल्या दुकानदारांना नमुना म्हणून पाठवलेली. साडेचारच्या सुमारास भाजीची सही झाली आणि मी चहाला बाहेर पडलो. नेमकं त्याच वेळी, म्हणजे तिकडे दुपारचे बारा वाजता, ब्रिटनने आपलं आकाश बंद केलं होतं. मला ते तासाभराने कळलं.

आइसलँडमध्ये ज्वालामुखी फुटलाय आणि त्याची राख वाऱ्यावर युरोपकडे निघालीय, एवढंच सगळ्यांच्या तोंडी होतं. राखेने विमान का अडावं, हे कुणालाच धड सांगता येईना. विमानांच्या देखभालीतले एक जुने काका शेडमध्ये यायचे, त्यांनी सांगितलं. ही चुलीतली राख नव्हे, काचेची भुकटी असते. इंजिनाच्या आतल्या उष्णतेने ती वितळते आणि पुढे पात्यांवर जाऊन थिजते. १९८२च्या जूनमध्ये जावा बेटावरून जाणाऱ्या एका जंबो विमानाची चारही इंजिनं अशीच राखेत बंद पडली होती. वैमानिकांनी खाली येता येता ती पुन्हा चालू केली आणि विमान जाकार्ताला उतरवलं, म्हणून माणसं वाचली. हे ऐकल्यावर ‘उद्या सकाळी सुरू होईल’ म्हणणाऱ्यांवर माझा विश्वास बसेना. डोंगर फुटायचा कधी थांबेल, हे कोण सांगणार?

इकडे शेडमध्ये एकच धावपळ. जो तो आपला माल टर्मिनलच्या कोल्ड रूममध्ये घुसवायला बघत होता. माझेही खोके पॅलेटवर लागून, जाळी आवळून तिथे गेले. मी आत डोकावलो तर भिंतीवरचा आकडा पाच अंश. त्याच खोलीत औषधांचे खोके होते आणि त्यांना दोन ते आठच्या मधलंच तापमान लागतं. ते बरोबरच होतं. पण हापूसला पाच अंश म्हणजे घातच. बारा-तेराच्या खाली आंबा फार वेळ राहिला की साल करडी पडते, पुढे काळे डाग येतात आणि फळ नीट पिकतच नाही. लवकर बाहेर निघाला तर वरून काही कळतही नाही. चारपाच दिवसांनी, गिऱ्हाइकाच्या हातात कळतं. हे मला कुठल्या पुस्तकातून नाही कळलं, देवगडच्या बागायतदार काकांनी सांगितलं होतं, ज्यांच्या बागेतला हा माल होता. चौदा आणे तयार झालेलं फळ झेल्याने, म्हणजे जाळी लावलेल्या काठीने, देठासकट उतरवायचं. देठ तुटला तर चीक सालीवर ओघळून डाग पडतो. झाडाखालची इतकी काळजी आणि मुंबईत येऊन आपण त्याला फ्रीजमध्ये कोंबायचं, हे मला पटेना.

मी शेठना फोन केला. म्हणालो, “माल बॅक टू टाउन करू या.” म्हणजे कस्टमच्या ताब्यातला माल परवानगी काढून पुन्हा शहरात न्यायचा. त्यात शिपिंग बिल रद्द होतं, टर्मिनलचे पैसे जातात, ट्रकचं भाडं दुप्पट पडतं. शेठ थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “तुला खात्री आहे?” मी म्हटलं, “विमान उद्या उडेल की नाही याची नाही. आंब्याची आहे.”

ड्युटीवरच्या सुपरिटेंडेंट साहेबांनी अर्ज वाचून विचारलं, “बाकी सगळे थांबलेत, तुम्हालाच कसली घाई?” मी त्यांना कोल्ड रूमच्या दारापर्यंत चला म्हटलं. ते आले. कोकणातले असावेत, त्यांनी एका खोक्याच्या भोकातून बोट आत घातलं, फळाला लावलं आणि तिथेच उभ्याउभ्या सही केली. त्या सहीसाठी मी आजही त्यांचा ऋणी आहे.

आमच्या शेजारच्या पॅलेटवर दुसऱ्या एजंटचा हापूस होता. त्यांचा फील्डचा मुलगा माझ्याच वयाचा, आम्ही रोज एका टपरीवर चहा प्यायचो. तो म्हणाला, “काढतोयस कशाला रे? बाहेर पस्तीस अंश आहे, आत गार तरी आहे.” मी सांगितलं. त्याने त्याच्या साहेबांना विचारलं. साहेब म्हणाले, राहू दे. मी घाईत होतो. माझा ट्रक लागला होता.

कोथिंबीरवडीचा निकाल पटकन लागला. ड्राय आइस म्हणजे गोठलेला कार्बन डायऑक्साइड, उणे अठ्ठ्याहत्तर अंशांचा. तो वितळत नाही, थेट उडून जातो. म्हणून पेटी हवाबंद करता येत नाही आणि वर वेगळं लेबल लावावं लागतं. लंडनला पोचेपर्यंत पुरेल इतकाच भरलेला होता. रात्रीच त्या पेट्या तुर्भ्याच्या कोल्ड स्टोरेजमध्ये उणे अठराला नेल्या. वाचल्या.

भाजी वाचली नाही. भेंडी आणि कारलं आंब्याजवळ ठेवता येत नाही, पिकणाऱ्या आंब्याच्या वायूने कारलं पिवळं पडतं. दुसरी खोली मिळाली नाही. शुक्रवारी पहाटे ती वाशीच्या बाजारात मिळेल त्या भावाला गेली. इंग्रजी लेबलं लावलेल्या त्या पेट्या हमालांनी मुकाट्याने उतरवल्या.

शुक्रवारी सकाळी देवगडच्या काकांचा फोन. बातम्या त्यांनी पाहिल्या होत्या. “अरे बाबा, खंयच्या तरी डोंगरातून धूर येता, आणि आमचो आंबो हंय कित्याक अडाकलो?” आवाजात राग नव्हता, काळजी होती. वर्षाचं पीक दीडदोन महिन्यांत विकायचं असतं त्या माणसाची काळजी. मी म्हटलं, “काका, गवतात उतरवलाय, आढीत आहे.” त्यावर ते फक्त “बरां केलंस” म्हणाले.

आखाताकडची विमानं चालू होती. शेठनी दुबईच्या अल अवीर बाजारातल्या एका व्यापाऱ्याला गाठलं. भाव लंडनपेक्षा बराच खाली, कारण तीच कल्पना सगळ्यांना सुचली होती. मी दिवसभर कागदांमागे पळालो: नवं इनव्हॉइस, नवं शिपिंग बिल, नवं एअरवेबिल आणि प्लांट क्वारंटाइनकडून नवं फायटो, म्हणजे मालात कीड-रोग नसल्याचं सर्टिफिकेट, कारण ब्रिटनच्या नावाचं सर्टिफिकेट दुबईला चालत नाही. आढीतून निवडून ११६ खोके पुन्हा भरले. जे फळ रंगावर आलं होतं ते वाशीतच विकलं. शनिवारी पहाटे दुबईचा माल उडाला आणि मी शेडच्या पायरीवर बसल्याबसल्या झोपलो.

ब्रिटनचं आकाश उघडलं ते मंगळवारी रात्री. आपल्याकडे बुधवारची पहाट. त्या सकाळी कोल्ड रूममधून एकेक पॅलेट बाहेर येऊ लागलं. आमच्या शेजारचं पॅलेटही आलं. मित्राने जाळी सोडवून वरचा एक खोका फोडला. फळं हिरवी, टणक, वरवर पाहिलं तर जशीच्या तशी. त्याने एक फळ उजेडात धरलं. देठाभोवती करडी छटा होती, कुणी ओला अंगठा फिरवावा तशी. सालीवर बारीक खळगे पडले होते. त्याने ते नाकाशी नेलं. वास नव्हता.

मला काही विचारलं नाही त्याने. खोका पुन्हा बंद केला, टेप लावली आणि साहेबांना फोन लावायला बाहेर गेला. गुरुवारी रात्री मी आणखी पाच मिनिटं थांबून त्याच्या साहेबांशी स्वतः बोलायला हवं होतं. ट्रक थांबला असता.