घाट उतरताना पडद्याकडे बघत

इलेक्ट्रिक गाडीने घाट चढताना पडद्यावरच्या आकड्यांनी जीव नकोसा केला होता. दर किलोमीटरला २०० वॉट-तासांवर खर्च, आणि उरलेल्या अंतराचा, म्हणजे बॅटरीवर अजून किती किलोमीटर जाता येईल त्याचा, आकडा आमच्यापेक्षा वेगात खाली पळत होता. त्यामुळे परतीच्या उताराची मी वाटच बघत होतो.

वर मुक्कामाला चार्जिंग मुद्दाम ८० टक्क्यांवर थांबवलं. मागच्या खेपेला १०० टक्के भरून निघालो आणि पहिल्याच वळणावर चूक कळली. एरवी एक्सिलरेटरवरून पाय काढला की मोटर वीज बनवून बॅटरीत परत घालते आणि त्यातच गाडी आवरते. तेव्हा पाय काढला तरी गाडी मोकाट! पडद्यावर परत येणारी वीज दाखवणाऱ्या हिरव्या बाजूला नुसती ठिपक्यांची रेघ. भरलेल्या बॅटरीत आणखी वीज घालणार कुठे? सगळा भार साध्या ब्रेकवर आला.

या वेळी घाटाच्या तोंडाशी ७८ टक्के होते. ट्रिप मीटर शून्यावर आणला, पाय काढला आणि काटा हिरव्यात शिरला. ताशी ४० च्या आसपास उतरताना ६ किलोवॉट बॅटरीत जाताना दिसत होते. तीव्र वळणाआधी पाय ब्रेकवर गेला की क्षणभर ३०.

"अरे, इथे ९९.९ वर अडकलंय," ताई म्हणाली. ती एका युनिटमागे, म्हणजे १००० वॉट-तासांमागे, किती किलोमीटर, हा आकडा बघत होती. अडकणारच. युनिट खर्चच झालं नाही तर भागायचं कशाने? मी तिला एकक बदलायला लावलं. वॉट-तास प्रति किलोमीटरमध्ये तीच सरासरी उणे १४६ दिसली. उताराचा हिशेब या एककातच नीट कळतो, दुसऱ्यात गाडी हात टेकते.

२० किलोमीटरांत साधारण १००० मीटर खाली आलो. माणसांसकट १८०० किलोची गाडी एवढी उतरली की ४.९ युनिट ऊर्जा मोकळी होते. त्यातली एकाहून थोडी जास्त टायर आणि वारा खातात, काही मोटर ते बॅटरी या वाटेत उष्णता होऊन जाते. पायथ्याशी पडद्यावर 'परत मिळालेली ऊर्जा ३.४ युनिट' असं होतं, पण ५० युनिटची बॅटरी ७८ वरून ८४ टक्क्यांवर गेली होती, म्हणजे भर ३ युनिटांची. उरलेली मधल्या दोन छोट्या चढांनी आणि एसीने वापरली. परत आलेल्या ऊर्जेचा आकडा फक्त जमा सांगतो, खर्च नाही. त्यावर खूश होण्याआधी शेजारची टक्केवारी बघावी.

खरी गंमत उरलेल्या अंतराची. वर १९५ किलोमीटर दाखवत होता, खाली ३५०! सहा टक्क्यांत दीडशे किलोमीटर कुठून येणार? हा अंदाज नुकत्याच झालेल्या खर्चावर बेततात. चढ संपल्यावर गाडीला वाटत होतं पुढे सगळा चढच आहे, आणि उतार संपल्यावर सगळा उतारच. समोरच्या रस्त्याचा चढउतार नकाशावरून मोजणारा नेव्हिगेशनचा अंदाज यापेक्षा बरा. त्याने प्रवासाच्या शेवटी ६३ टक्के उरतील असं सांगितलं होतं, उरले ६२.

सपाटीला लागल्यावर पहिल्या ३० किलोमीटरांतच ३५० चे २६५ झाले. ताईने मात्र ३५० चा फोटो आधीच काढून ठेवला होता, आणि कुटुंबाच्या ग्रुपवर टाकलाही होता.