बेरीज बरोबर होती

रिपोर्ट परत आला तेव्हा त्यावर लाल पेनाने एकच गोल केलेला होता. मी 'दिर्घकालीन' लिहिलं होतं. 'दि'भोवती गोल आणि समासात नुसती दीर्घ वेलांटी. बाकी एक अक्षर नाही.

मी न्यूरोसायकॉलॉजिस्ट आहे. मेंदूचे फोटो काढणाऱ्यांतली नव्हे, मेंदूकडून काम करून घेऊन तो कुठे अडखळतो ते पाहणाऱ्यांतली. आकडे उलटे म्हणायला लावायचे, गोष्ट सांगून अर्ध्या तासाने परत विचारायची, ठरावीक वेळात चिन्हं शोधायला द्यायची. शेवटी गुणांची बेरीज करायची आणि 'वयाच्या मानाने सरासरी' किंवा 'सरासरीपेक्षा कमी' असं लिहून खाली सही. रिपोर्ट मी मराठीतच लिहिते, घरच्यांना वाचता यावा म्हणून. यावेळी तो भलत्याच माणसाच्या हाती पडला होता. गृहस्थ पेशाने मुद्रितशोधक.

वय बावन्न. सहा महिन्यांपूर्वी कोविड झालेला, चार दिवस ताप, घरच्या घरी बरा. पण नंतर जे सुरू झालं ते संपेना. ओळीच्या शेवटी येईपर्यंत सुरुवात निसटायची. रोजच्या वापरातला शब्द जिभेवर येऊन अडायचा. उभं राहिलं की छातीत धडधड. एमआरआय नॉर्मल, हिमोग्लोबिन, थायरॉइड, बी-१२ सगळं जागच्या जागी. त्यांना माझ्याकडे पाठवणाऱ्या डॉक्टरांच्या चिठ्ठीत तीनच शब्द होते: 'चिंता? कृपया तपासावे.'

तीन आठवड्यांपूर्वी मी दोन तास खपून ते तपासलं होतं. गुण उत्तम पडले. स्मरण-आकलनाच्या ३० गुणांच्या मोका चाचणीत २७. तिथे २६ला माणूस पास. बाकीच्या चाचण्याही सरासरीत. मी लिहिलं, 'आकलन व स्मरणशक्ती अबाधित. दिर्घकालीन ताणाचा परिणाम संभवतो. समुपदेशन घ्यावे.' लिहिताना मला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं, हे आधीच सांगून टाकते.

त्या दिवशी ते मुलीला घेऊन आले. रिपोर्ट टेबलावर सरळ करून ठेवला. "मॅडम, ही दोन पानं वाचायला मला चार दिवस लागले. एक चूक सापडली."

"बाबा, वरचं पण सांगा ना," मुलगी हळूच म्हणाली.

वर, नावाच्या शेजारी, वयाच्या जागी मी २५ टाइप केलं होतं. (तुलना ५२च्या तक्त्याशीच केली होती, तेवढं तरी नशीब.) ती चूक मुलीने दाखवली होती. "माझंच वय मला दिसलं नाही," ते म्हणाले. "पूर्वी पान हातात घेतलं की चूक आपणहून अंगावर यायची. शोधावी लागत नसे. आता शोधतो, तरी दिसत नाही."

मग मी तो प्रश्न विचारला, जो रिपोर्ट लिहिण्याआधीच विचारायला हवा होता. "मागच्या तपासणीनंतर घरी गेल्यावर काय झालं?"

त्या संध्याकाळी काहीच झालं नव्हतं. उलट पेपर सोपा गेल्यासारखे ते खुशीत होते. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र अंथरुणातून उठवेना. तीन दिवस पडदे ओढलेल्या खोलीत. फोनचा उजेड नको, कुणाचं बोलणं नको. आणि तपासणीच्या आधीचे दोन दिवस? मुलगी म्हणाली, "काहीच केलं नाही. आंघोळसुद्धा टाळली. नीट उत्तरं देता यावीत म्हणून."

म्हणजे दोन दिवस साठवलेली ताकद त्यांनी माझ्या टेबलावर दोन तासांत उधळली होती, आणि मी तिलाच 'अबाधित' म्हणून सही ठोकली होती. श्रमानंतर, कित्येकदा एक दिवस उलटून गेल्यावर येणारी ही घसरण विषाणूनंतरच्या थकव्याच्या आजाराची खूणच मानली जाते. अमेरिकेच्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने २०१५ साली एमई/सीएफएस या रेंगाळणाऱ्या थकव्याच्या आजाराची व्याख्या नव्याने केली, तेव्हा हे लक्षण त्यात अनिवार्य धरलं. नुसते हातपाय चालवूनच ती येते असंही नाही, डोकं चालवूनही येते. हे सगळं मी वाचलेलं होतं. पण माझी तपासणी हाही श्रमच आहे, हे कधी डोक्यात आलं नव्हतं.

त्यांची जुनी फाइल काढली. आधी नैराश्याची नऊ प्रश्नांची प्रश्नावली. बेरीज ११, म्हणजे 'मध्यम'. मागच्या वेळी मी बेरीजच पाहिली होती. आता ओळी पाहिल्या. झोप ३, थकवा ३, एकाग्रता ३, हालचाली मंदावणं १. दहा गुण तिथेच झाले. उदास वाटतं का, या रकान्यात शून्य. 'गोष्टींतला रस कमी झाला का' इथे १ गुण, आणि शेजारी पेन्सिलीने बारीक अक्षरात लिहिलेलं: 'रस आहे. ताकद नाही.' मुद्रितशोधकाने समासात लिहिलेलं मी वाचलं नव्हतं.

मग पासाटचा कागद. ही चाचणी कुणालाच आवडत नाही, घेणाऱ्यालाही नाही. ध्वनिफितीतून दर तीन सेकंदांनी एक आकडा येतो आणि शेवटच्या दोन आकड्यांची बेरीज सांगायची असते. तीन, पाच, तुम्ही म्हणता आठ. लगेच दोन येतो. आता 'दहा' म्हणायचं नाही, पाच आणि दोन सात. स्वतःचंच उत्तर विसरून मागचा आकडा धरून ठेवायचा. अशा साठ बेरजा. त्यांच्या ४४ बरोबर होत्या. सरासरी.

पेन घेऊन मी त्या कागदाचे वीस-वीसचे तीन तुकडे केले. पहिल्या विसांत १९ बरोबर. मधल्या विसांत १६. शेवटच्या विसांत ९. शेवटाकडे मी मारलेल्या बरोबरच्या खुणांच्या मध्ये रिकाम्या जागा वाढत गेल्या होत्या, जिन्याच्या पायऱ्या एकेक करून निखळत जाव्यात तशा. खुणा माझ्याच हाताच्या. बेरीज बरोबर होती. तीन मिनिटांत माणूस माझ्यासमोर रिकामा होत गेला आणि मी त्याला सरासरी म्हटलं.

धडधडीचं राहिलं होतं. शेजारच्या खोलीतल्या फिजिशियन मैत्रिणीला बोलावलं. तिने त्यांना दहा मिनिटं स्वस्थ झोपवलं. नाडी ७२. मग टेकू न घेता उभं केलं. दुसऱ्या मिनिटाला ९८, पाचव्याला १०८, आठव्याला ११४. रक्तदाब जवळजवळ होता तिथेच. तिने खुणेने मला पावलं दाखवली. ती जांभळट पडत चालली होती. प्रौढ माणसाची नाडी उभं राहिल्यावर दहा मिनिटांत ३० किंवा त्याहून जास्त ठोक्यांनी वाढली, रक्तदाब घसरला नाही आणि हा त्रास तीन महिन्यांहून अधिक काळ असला, तर दुसरी कारणं वगळून त्याला 'पॉट्स' म्हणतात. आपल्या इच्छेबाहेर चालणाऱ्या मज्जासंस्थेचा हा बिघाड. रक्त पायांत साचतं, आणि ते वर आणायला हृदय धावपळ करतं.

झोपलेले असताना त्यांनी सहा आकडे उलटे म्हणून दाखवले होते. उभ्याने, सातव्या मिनिटाला, चारच्या पुढे जाता येईना. "आकडे ऐकू येतायत," ते म्हणाले, "पण ठेवायला जागा नाही." लगेच खाली बसवलं.

मग ही चिंता नव्हतीच का? होती. हे मला मुद्दाम सांगावंसं वाटतं, कारण आता उलट्या बाजूला झुकून 'मनाचं काही नाही, सगळं शरीराचं' म्हणणारेही भेटतात. रांगेत उभं राहायची त्यांना धास्ती बसली होती. आपलं काम कायमचं गेलं या विचाराने पहाटे तीनला जाग येत होती. फक्त क्रम उलटा होता. धडधड आधी आली, भीती तिच्या मागून.

असा रेंगाळणारा आजार मनातून येतो की शरीरातून, ही शंकाही जुनीच आहे. ऑस्ट्रेलियातल्या डब्बो भागात तीन निरनिराळ्या संसर्गांतून उठलेल्या २५३ जणांवर लक्ष ठेवलं गेलं. २००६ साली निष्कर्ष छापून आले: सहा महिन्यांनंतरही १२ टक्के लोकांचा आजार सरला नव्हता, आणि तो कुणाला रेंगाळेल हे आधीच्या मानसिक स्थितीवरून नव्हे, तर मुख्यतः मूळ आजार किती जोरात होता त्यावरून ठरत होतं. या गृहस्थांचा मूळ आजार सौम्यच होता, त्यामुळे तो अभ्यास त्यांना जसाच्या तसा लागू होत नाही. पण 'मुळात मनच हळवं असेल' हे आपलं लाडकं उत्तर तिथे टिकलं नव्हतं. आणि नॉर्मल एमआरआयचं म्हणाल, तर २०२२ साली ब्रिटनमध्ये ७८५ जणांचे आधीचे आणि नंतरचे स्कॅन शेजारी ठेवून पाहिले, तेव्हा कोविड होऊन गेलेल्यांच्या गटात, वासाशी निगडित भागांत वगैरे, बारीक फरक निघाले. ते गटाच्या सरासरीत दिसणारे फरक. एकट्या माणसाच्या फिल्मकडे नुसतं बघून ते कुणाला दिसणार?

त्यांना सांगण्यासारखं फार नव्हतं. पॉट्ससाठी पाणी, मीठ, घट्ट मोजे, आणि गरज पडली तर औषध. हे मैत्रिणीने तिच्या हिशेबाने ठरवलं. मी एवढंच सांगितलं की चांगल्या दिवशी साठलेलं काम उरकू नका. दहा ओळी झेपत असतील तर सातव्या ओळीला पान मिटा. 'रोज थोडं वाढवत न्या' हा सल्ला त्यांना आणखी कुठेतरी मिळाला होता. तसा ठरावीक चढता व्यायाम उपचारांचे नियम ठरवणाऱ्या ब्रिटनच्या नाइस संस्थेने एमई/सीएफएसच्या मार्गदर्शक सूचनांतून २०२१ साली काढून टाकला, हे मी सांगितलं, तेव्हा मुलीने मान खाली घातली. रोज आग्रह करून चालायला तीच नेत होती. "तुझी चूक नाही गं," ते म्हणाले. मग माझ्याकडे पाहून, "मी पूर्ववत होईन का?"

पहिल्या वर्षात बरेच जण सुधारतात, काहींचं रेंगाळतं, तुमचं काय होईल ते आज सांगता येणार नाही, असं मी म्हटलं. त्यांनी ते एकदा पुटपुटून पाहिलं, वाक्य नीट बसलंय का ते तपासावं तसं.

दारात थांबून ते म्हणाले, "नवा रिपोर्ट उद्या लिहू नका. परवा फोन करा, मग लिहा. उद्या मी नसेन."

परवा फोन केला. मुलीने उचलला. ती कुजबुजत बोलत होती. बाबा कालपासून उठलेले नव्हते. सकाळी पाणी प्यायला तेवढी मान उचलली होती.

वेळ लिहून घेतली, अकरा वाजून दहा मिनिटं. रिपोर्टावर तपासणीची म्हणून मी आजवर एकच तारीख टाकत आले होते. या वेळी दोन टाकल्या. वय ५२. मग 'दीर्घकालीन' हा शब्द आला, आणि मी जरा थांबून वेलांटी पाहिली.