यादीतला सतरावा व्हिडिओ

भौतिकशास्त्राच्या मॅडमनी अनेक वाहिन्यांवरून जमवलेल्या आपल्या यूट्यूब प्लेलिस्टमधील निवडक व्हिडिओंचे क्रमांक एका कागदावर लिहून माझ्याकडे दिले. बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाच्या मुलींना ते वसतिगृहातल्या संगणकावर पाहता यावेत, एवढीच त्यांची अपेक्षा होती. आमचे महाविद्यालय सातपुड्यात, धडगाव भागात आहे. मुली सुटीत पाड्यावर गेल्या की मोबाइलला रेंज मिळेलच असे नसते. प्रयोगशाळा सहायक म्हणून अशी कामे माझ्याकडेच येतात.

यूट्यूबवरचे व्हिडिओ संगणकावर उतरवून (डाउनलोड करून) घ्यायला मी वायटी-डीएलपी हे मुक्त साधन वापरतो. त्याला ‘3, 7, 12 ते 15’ असे क्रमांक दिले की तेवढेच व्हिडिओ उतरतात. तरीही काहीही उतरवण्याआधी नुसती शीर्षके काढून ती कागदाशी ताडून पाहण्याची माझी पद्धत आहे. त्या दिवशी कागदावर सतराव्या क्रमांकापुढे ‘घर्षण’ लिहिलेले होते आणि पडद्यावर सतरावा होता परिबलाचा व्हिडिओ. सुरुवातीचे क्रमांक जुळत होते, पुढे एकाचा फरक पडला होता आणि शेवटी दोनांचा.

मी मॅडमना बोलावले. आम्ही दोघांनी मिळून यादी वरपासून वाचली, तेव्हा कारण सापडले. मूळ मालकांनी खासगी केलेले दोन व्हिडिओ यूट्यूबच्या पानावर लपवलेले होते, म्हणून मॅडमनी मोबाइलवर मोजताना ते आलेच नाहीत. वायटी-डीएलपी मात्र असे अनुपलब्ध व्हिडिओही यादीत धरते. क्रमांकांवर विसंबलो असतो तर मुलींच्या हाती भलतेच धडे पडले असते. म्हणून प्रत्येक शीर्षकासमोरची अकरा अक्षरांची ओळखखूण घेऊन तिचीच नवी यादी केली. प्लेलिस्टचा क्रम उद्या बदलला तरी ही खूण बदलत नाही.

फळ्यावरचे लिखाण 480च्या दर्जात वाचता येत होते, म्हणून तोच ठरवला; बारीक आलेख असलेल्या व्हिडिओंसाठी तेवढा 720 घेतला. या दर्जांत चित्र आणि आवाज वेगवेगळे येत असल्याने ते जोडायला एफएफएमपेग आधीच बसवले होते. दुपारी वीज गेली. पूर्ण उतरलेल्या व्हिडिओंच्या खुणा नोंदवहीच्या फाइलीत लिहून ठेवण्याची सूचना मी साधनाला दिलेली असल्यामुळे वीज आल्यावर ते वगळले गेले आणि अर्धवट राहिलेला व्हिडिओ जिथे थांबला होता तिथून पुढे सुरू झाला.

परवान्याची तपासणी मी उतरवण्याआधीच केली होती, कारण यूट्यूबच्या अटींनुसार परवानगीशिवाय व्हिडिओ उतरवता येत नाहीत आणि आपण शिक्षणासाठी घेतो म्हणून ती अट सैल होते, असे मला वाटत नाही. वरवरच्या यादीत परवाना दिसत नाही. प्रत्येक व्हिडिओची पूर्ण माहिती मागवावी लागते. बहुतेक व्हिडिओंवर पुनर्वापराला मुभा देणारा क्रिएटिव्ह कॉमन्स परवाना होता. त्यांच्या फोल्डरमध्ये निर्मात्याचे नाव, मूळ दुवा आणि परवाना लिहिलेली मजकुराची फाइल ठेवली, कारण श्रेय देणे ही त्या परवान्याची अटच आहे. घर्षणाच्या व्हिडिओला मात्र हा परवाना नव्हता. तो मी उतरवला नाही. मॅडमनी निर्मात्याला परवानगीसाठी ई-मेल लिहिला आणि उत्तर येईपर्यंत तो धडा मुलींना प्रयोगशाळेत थेट यूट्यूबवर दाखवायचे ठरले.