पंखे, बेंजो आणि गिटारचे पिकअप : आमची वाटचाल

पुण्याच्या तपकीर गल्लीत ‘४२ नंबरची वायर द्या’ म्हटलं की काउंटरवरचा माणूस ४२ एसडब्ल्यूजीचं (ब्रिटिश मापाचं) रीळ पुढे सरकवतो. ती वायर ०.१ मिलिमीटर जाड असते. गिटारच्या पिकअपला, म्हणजे तारेचं कंपन पकडून त्याची वीज करणाऱ्या चुंबक-कॉइलला, लागते अमेरिकन मापाची ४२ एडब्ल्यूजी, ०.०६३ मिलिमीटरची, आणि आपल्या बाजारातल्या मापात तिच्या जवळची पडते ४६ एसडब्ल्यूजी. हे ज्यांना माहीत नाही त्यांची स्ट्रॅटची (फेंडरच्या स्ट्रॅटोकास्टर गिटारच्या पिकअपची) बॉबिन, म्हणजे वायर गुंडाळायचा साचा, आठ हजार टर्न (वेढे) सोडाच, तीन हजारांतच काठोकाठ भरते. मग म्हणायचं, आपल्याकडे पिकअप होत नाहीत. आम्हाला हे कुणी शिकवावं लागलं नाही. आम्ही मूळचे पंखे आणि मोटारींच्या रिवाइंडिंगमधले. पुढे ज्यांनी आम्हाला ‘पंखेवाले’ म्हणून हिणवलं, त्यांच्या दुकानात वायर मोजायला मायक्रोमीटरसुद्धा नव्हता.

गिटारच्या आधी बेंजो आले. गणपतीच्या तोंडावर बेंजो पार्टीवाले भिजून बंद पडलेले पिकअप घेऊन यायचे. तत्त्व तेच: चुंबक, त्याच्याभोवती बारीक तांब्याची वायर आणि वर हलणारी पोलादी तार. गुंडाळायचं मशीन आमच्या भागीदारांनी जुळवलं. शिलाई मशीनची मोटर, पायाचा रेग्युलेटर, शाफ्टवर छोटं चुंबक आणि समोर रीड स्विचला (चुंबक जवळ आलं की लागणाऱ्या स्विचला) जोडलेला, वेढे मोजणारा काउंटर. वायर दोन फेल्टच्या तुकड्यांमधून यायची आणि शेवटचा ताण बोटांनी. ताण सैल पडला तर कॉइल मोकळी राहते आणि मोठ्या आवाजात शिट्टी मारते. जास्त ओढला तर वायर ताणून बारीक होते, ओहम वाढतात आणि शेवटच्या हजार टर्नमध्ये तुटते, तेही जेवायच्या वेळेला. भागीदार आता गावी असतात. मशीन तेच आहे, फक्त बेअरिंग बदललेत.

मधली वर्षं कामात गेली. त्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही.

मग रस्त्याच्या पलीकडे एक काचेचं शोरूम आलं. नाव घेत नाही, पुण्यात गिटार वाजवणाऱ्यांना कळेल. त्यांची पद्धत सरळ होती. गिटार कोणतीही असो, तक्रार कोणतीही असो, उत्तर एकच: पिकअप भंगार आहेत, बदला. आवाज कमी, बदला. हम (विजेची गुणगुण) येतो, बदला. तोच पोरगा महिन्याभराने आमच्याकडे यायचा, कारण पैसे गेले पण तक्रार तशीच. असे गिटार उघडून आम्ही जे पाहिलं ते लिहायला हवं, कारण आजही तेच चालू आहे.

पहिली गोष्ट उंची. पिकअप बदलण्याआधी स्क्रू ड्रायव्हरने उंची लावा, त्याला पैसे पडत नाहीत. शेवटच्या फ्रेटवर (मानेवरच्या धातूच्या पट्टीवर) तार दाबायची आणि तारेच्या खालच्या कडेपासून पोलपीसच्या (पिकअपमधल्या खांबाच्या) माथ्यापर्यंत मोजायचं. जुन्या धर्तीच्या स्ट्रॅट पिकअपला जाड ई तारेखाली साधारण २.४ मिलिमीटर, बारीक ई तारेखाली २. हमबकरला (दोन कॉइलच्या पिकअपला) ब्रिजकडे, जिथे तारा टेकतात, १.६ आणि नेककडे, म्हणजे मानेकडे, २.४ पासून सुरुवात करा. आवाज वाढवायचा म्हणून लोक पिकअप तारांना भिडवतात. स्ट्रॅटमध्ये पोलपीस म्हणजेच उभी चुंबकं, ती तारेला खाली खेचतात. मग बाराव्या फ्रेटच्या वर जाड ई एका सुरात राहत नाही, आत दोन सूर भांडतात, आणि माणूस ब्रिजचे सॅडल (तारांची टेकणं) पुढे-मागे करत बसतो. सॅडलचा त्यात काही दोष नसतो.

दुसरी गोष्ट पॉट, म्हणजे व्हॉल्यूम-टोनच्या बटणाखालचा बदलता रोध. सिंगल कॉइलला (स्ट्रॅटसारख्या एका कॉइलच्या पिकअपला) २५० किलोओहम, हमबकरला ५००. शोरूमने स्ट्रॅटमध्ये महागडा हमबकर बसवला आणि जुना २५०चा पॉट तसाच ठेवला, की वरचे सूर जमिनीकडे वाहून जातात आणि गिऱ्हाईक म्हणतं पिकअप मंद आहे. उलट सिंगल कॉइलला ५००चा पॉट लावला तर आवाज कानात टोचतो. पॉटवर छापलेल्या आकड्यावर विसंबू नका. २० टक्क्यांचा कमी-जास्त फरक धरला तर ५००चा पॉट ४०० भरू शकतो. तो सर्किटमधून सोडवून मोजायचा, जोडलेला असताना आकडा खोटा येतो.

तिसरी गोष्ट रंग, आणि इथे मला अजून राग येतो. चार वायरच्या हमबकरचे रंग प्रत्येक कंपनीचे वेगळे. सेमूर डंकनमध्ये काळी गरम (आवाज बाहेर नेणारी), हिरवी आणि उघडी वायर अर्थला, लाल-पांढरी एकमेकींना जोडून टेप मारायची. डिमार्झिओमध्ये लाल गरम, हिरवी आणि उघडी अर्थला, काळी-पांढरी एकत्र. डिमार्झिओचा पिकअप डंकनच्या नकाशाने जोडला तर आवाज बंद पडत नाही, म्हणून चूक ध्यानात येत नाही. होतं असं, की एक कॉइल दुसरीच्या उलट जाते. तारेचा आवाज एकमेकांना खातो आणि हम मात्र दुप्पट होतो. हमबकरचा जन्मच हम मारण्यासाठी. सेठ लव्हर यांनी गिब्सनसाठी १९५५मध्ये पेटंटचा अर्ज केला, १९५९मध्ये पेटंट मिळालं, आणि ‘पेटंट अप्लाइड फॉर’ म्हणजे अर्ज केल्याच्या चिठ्ठीवरून ते पिकअप पीएएफ म्हणून ओळखले गेले. तोच पिकअप असा जोडून ‘ओरिजिनल टोन असाच असतो’ म्हणून गळ्यात मारलेला गिटार आम्ही सरळ करून दिला. दोन सोल्डर सोडवायचे आणि दोन मारायचे, एवढंच काम.

एकदा मे महिन्यात एक मुलगा तणतणत आला. हमबकर आम्ही रिवाइंड केला होता, पावतीवर ८ किलोओहम लिहिलेलं. शोरूमवाल्यांनी मीटर लावून दाखवलं ८.४५ आणि सांगितलं, ‘पंखेवाल्यांनी टर्न चुकवले.’ तांब्याचा रोध दर अंशाला साधारण ०.४ टक्के वाढतो. वीस अंशांना ८ किलोओहम असलेली कॉइल पस्तीस अंशांना सुमारे ८.४७ दाखवणारच. त्या दिवसापासून आमच्या पावतीवर ओहमच्या शेजारी तापमान लिहिलेलं असतं.

पण धंदा बुडायची वेळ आली ती शोरूममुळे नाही, वायरमुळे. २०२०च्या टाळेबंदीत कार्यक्रम बंद, ऑर्केस्ट्रे बंद, लग्नं बंद. दुकान थोडं हललं ते घरी बसलेल्या पोरांनी जुने गिटार बाहेर काढले म्हणून. त्यात नेहमीचा पुरवठादार माल देईना. दुसऱ्याकडून वायर घेतली, जाडी बरोबर, ओहम बरोबर, रंग बरोबर. पावसाळा सरला आणि पिकअप परत यायला लागले. तक्रार एकच: आवाज आहे, पण धार गेली.

मीटर लावला तर ६ किलोओहमचा पिकअप ५.४ दाखवत होता. मेलेली कॉइल अनंत रोध दाखवते, हा तसा प्रकार नव्हता. वायरच्या इनॅमलला (वरच्या वीजरोधक लेपाला) सूक्ष्म भोकं होती, दमट हवेत थरांमधले टर्न एकमेकांना चिकटले होते. असे शॉर्ट झालेले टर्न म्हणजे कॉइलच्या आत बसलेली बंद कडी. ती ऊर्जा खाते, आणि वरच्या सुरांत जास्त खाते. ओहममध्ये दहा टक्क्यांचा फरक लोक उन्हाळा-हिवाळा म्हणून सोडून देतात. एलसीआर मीटर (कॉइलचं इंडक्टन्स मोजणारा) १ किलोहर्ट्झला लावला की लपत नाही: स्ट्रॅट पिकअपचा क्यू (कॉइल किती कमी ऊर्जा वाया घालवते त्याचा आकडा) अडीचच्या जवळ हवा, तिथे दीडच्या आसपास आला. पुरवठादाराने फोन उचलणं बंद केलं. ‘वार्निश तुमचंच खराब असेल’ हा त्याचा शेवटचा निरोप. त्या मालाचे सगळे पिकअप आम्ही फुकट परत गुंडाळले, चांगली वायर उधारीवर आणून. शोरूमवाल्यांनी तेवढ्यात गावभर केलं की पंखेवाले बंद होतायत. भाडं थकलं होतं, हे खरं.

तेव्हा टिकलो ते मामांमुळे. मामा म्हणजे ऑर्केस्ट्रात हिंदी-मराठी गाणी वाजवणारे गिटारवाले, आमचे पहिले गिटारचे गिऱ्हाईक. त्यांनी ओळखीच्या सगळ्या वादकांचे गिटार उचलून आमच्या दारात आणले. त्यांच्या बोलण्यात तांत्रिक शब्द एक नाही, पण कान असा, की मीटरच्या आधी त्यांना विचारावं. ‘शेठ, दोन नंबरला शेजारच्या घराचा मिक्सर ऐकू येत नाही, तीनला येतो, असं का?’ स्ट्रॅटच्या स्विचच्या दोन आणि चार नंबरला दोन पिकअप एकत्र लागतात. मधला पिकअप उलट गुंडाळलेला आणि उलट चुंबकाचा असेल तर तिथे हम मरतो. तीनला तो एकटा, म्हणून मिक्सर ऐकू येतो. स्वस्त गिटारमध्ये तिन्ही सारखेच असतात आणि सगळीकडे हम. खात्री करायला पोलपीसवर होकायंत्र धरायचं: मधल्याच्या माथ्यावर सुई उलटी वळली पाहिजे.

आता कुणी विचारलं नसलं तरी सांगतो, पिकअप बदलायचा ठरवण्याआधी काय तपासावं. गिटारला केबल लावा, दुसऱ्या टोकाला मल्टिमीटर, व्हॉल्यूम पूर्ण. स्विच एकेका पिकअपवर ठेवून आकडा लिहा. आकडा किंचित कमी येतो कारण व्हॉल्यूमचा पॉट समांतर असतो: ८ किलोओहमचा हमबकर ५००च्या पॉटबरोबर ७.८७ दिसतो. स्ट्रॅट साधारण साडेपाच ते साडेसहा, जुन्या धर्तीचा हमबकर ७ ते ९, जोरदार वाइंडिंगचे १३ ते १६. बॅटरीवाले अ‍ॅक्टिव्ह पिकअप असे मोजता येत नाहीत. आणि ओहम म्हणजे आवाज नव्हे. तेवढेच टर्न ४३ एडब्ल्यूजीचे घातले की आकडा पंचवीसेक टक्के चढतो, ताकद तेवढी चढत नाही. ‘१४ किलोओहमचा आहे’ म्हणून विकत घेणारे लोक तांब्याची बारीक वायर विकत घेतात.

मग अ‍ॅम्प बारीक आवाजात लावून प्रत्येक पोलवर स्क्रू ड्रायव्हरने टकटक करा. हमबकरच्या एका रांगेतून टकटक आली आणि दुसरीतून नाही, तर एक कॉइल मेलेली आहे किंवा स्विचने तोडलेली. तारांना हात लावल्यावर हम कमी झाला तर ब्रिजची अर्थ वायर ठीक आहे, उणीव शील्डिंगची, म्हणजे बाहेरचा हम अडवणाऱ्या धातूच्या अस्तराची. हात लावल्यावर वाढला तर जॅकवरचे दोन सोल्डर उलटे आहेत किंवा अर्थ कुठे तरी सुटली आहे. शील्डिंगला तांब्याची पट्टी घ्यायची ती चिकट बाजूनेही वीज वाहणारी, नाही तर प्रत्येक जोडावर सोल्डरचा ठिपका.

कोकणातून, किनाऱ्यावरून आलेल्या गिटारमध्ये आणखी एक दुखणं असतं. खारी हवा आणि घाम चुंबकांना गंज आणतो, आणि स्ट्रॅटच्या पिकअपमध्ये वायर थेट त्या चुंबकांवर गुंडाळलेली असते. म्हणून आतला पहिला थरच तुटतो. बाहेरून सोडवून काही सापडत नाही, पूर्ण रिवाइंड करावं लागतं. याच कारणाने उभ्या चुंबकांचे पोल कधी अंगठ्याने दाबू नका. हे स्क्रूचे पोल नाहीत. एक मिलिमीटर सरकलं की आतली वायर गेली.

शिट्टी मारणाऱ्या पिकअपला मेणाचा इलाज. पॅराफिन ८० टक्के, मधमाशीचं मेण २० टक्के, दुहेरी भांड्यात, गॅसवर थेट कधीच नाही. ६० ते ६५ अंश, थर्मामीटर लावून, बुडबुडे थांबेपर्यंत, म्हणजे पंधरा-वीस मिनिटं. त्याच्या वर गेलात तर प्लॅस्टिकची बॉबिन वाकते आणि कव्हर परत बसत नाही.

नवीन घ्यायचेच असतील तर तारांमधलं अंतर आधी मोजा. गिब्सन धर्तीचे पोल पहिल्या तारेपासून सहाव्यापर्यंत ५० मिलिमीटरच्या आतबाहेर, स्ट्रॅटच्या ब्रिजला ५२-५३ लागतात. दहा हजारांच्या आतल्या गिटारमध्ये बहुधा पोलादी पोल आणि खाली चिकटवलेल्या दोन सिरॅमिक पट्ट्या असतात. तो पिकअप वाईट असतोच असं नाही. त्यावर खर्च करण्याआधी जॅक, स्विच आणि पॉट चांगले घाला. सोल्डर ६०-४०चा (कथील-शिसं), सोल्डर मारायची इस्त्री ४० वॅटची. १५ वॅटची घेऊन पॉटच्या पाठीवर अर्धा मिनिट धरून बसलात तर आतला कार्बन ट्रॅक जळतो. पाठ आधी पॉलिश पेपरने घासा, तीन-चार सेकंदांत सोल्डर वाहिला पाहिजे.

शोरूम अजून आहे, समोर आम्हीही आहोत. त्यांच्याकडचे रिवाइंडचे पिकअप मध्यस्थामार्फत आमच्याकडेच येतात, हे त्यांना कळतं की नाही कुणास ठाऊक. दर त्यांना नेहमीचाच, तापमानाची पावती त्यांनाही.

कुरिअरने पिकअप पाठवणाऱ्यांनी चुंबकाला पोलादी डब्यात टाकू नये, बबल रॅपमध्ये गुंडाळून पुठ्ठ्याच्या खोक्यात पाठवावं. वायर कापून पाठवू नका, कॉइलजवळच्या वायरला तर हातच लावू नका. सोबत चिठ्ठीवर गिटारचं मॉडेल, पॉट किती किलोओहमचा, पिकअप नेकचा की ब्रिजचा, आणि तारांचं गेज (जाडी) लिहा. ‘आवाज छान करा’ एवढंच लिहून आलेलं खोकं आम्ही उघडतो, पण रांगेत शेवटी ठेवतो.